मोतीबिंदूची नवीन हत्यारं: पावसाळाभर तपासून बघतोय

पांढरासमुद्र
४ मे, रात्री ९.४०

नमस्कार. रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका लहान नेत्र रुग्णालयात मी ओटी सिस्टर, म्हणजे ऑपरेशन थिएटरमधली परिचारिका, आहे. २१ वर्षं मोतीबिंदूचे ट्रे लावतेय. हत्यार डॉक्टरांच्या हातात जायच्या आधी आणि नंतरही ते माझ्या हातात असतं, म्हणून हा धागा मीच काढतेय.

गेल्या महिन्यात आमच्याकडे दोन नवे सेट आले. एक नेहमीच्या घडणीचा, स्टीलचा. दुसरा टायटॅनियमचा, निळसर, आणि त्यातल्या चॉपरचं टोक आम्ही वापरतो त्यापेक्षा लांब आणि आत जास्त वळलेलं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: चॉपर म्हणजे बारीकसा आकडा. फेकोच्या, म्हणजे थरथरून भिंग फोडून ओढून घेणाऱ्या यंत्राच्या, सुईनं भिंगाचा कडक गाभा धरून ठेवायचा आणि या आकड्यानं तो ढलप्या काढाव्यात तसा फोडायचा. सेट घेऊन आलेला माणूस म्हणाला, उद्याच्या लिस्टला वापरून बघा, आवडलं तर ठेवा. आमच्या मॅडमनी पेटी माझ्याकडे सरकवली आणि म्हणाल्या, "सिस्टर, तुम्ही हो म्हणाल तेव्हा मी हातात घेईन."

मी अजून हो म्हटलेलं नाही.

बऱ्याच वर्षांपूर्वी मी दुसऱ्या ठिकाणी कामाला होते. तिथे नव्या कॅन्युला, म्हणजे डोळ्यात द्रव सोडायच्या बारीक पोकळ नळ्या, आल्या, पाकिटातून काढलेल्या, चकचकीत. वरून धुतल्या, ऑटोक्लेव्हच्या वाफेत निर्जंतुक केल्या, वापरल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी पट्ट्या सोडल्या तर चौघांची बुबुळं दुधासारखी पांढरी. फारसं दुखत नव्हतं, पण दिसतही नव्हतं. जंतुसंसर्ग असता तर तो बहुधा दोन दिवस तरी घेतो आणि डोळा ठणकतो. हे एका रात्रीत आलं होतं. टास म्हणतात त्याला, डोळ्याच्या पुढच्या कप्प्याला विषारी द्रव्यामुळे येणारी सूज. स्टेरॉइडच्या थेंबांनी तिघं सुधारले. चौथ्या आजी आंब्याच्या बागेत राखणीला असायच्या, त्यांचं बुबुळ कायमचं गढूळ राहिलं. नंतर पाकिटातल्या एका न वापरलेल्या कॅन्युलातून मी सिरिंजनं पाणी मारलं. हिरव्या कपड्यावर करडा ठिपका पडला. नळीच्या आत राहिलेलं पॉलिश होतं ते. हे पाणी आदल्या दिवशी मारलं असतं तर दोन मिनिटं लागली असती. त्या आजींचा चेहरा मला आजही आठवतो.

तर या वेळी. प्रत्येक कॅन्युलातून तीन तीनदा डिस्टिल्ड वॉटर, मग हवा मारून कोरडी. प्रत्येक हत्यार मायक्रोस्कोपखाली. चिमट्याची टोकं नुसत्या डोळ्याला जुळलेली दिसतात, मोठी करून बघितली की मध्ये फट असते. माझी खूण म्हणजे १०-० नायलॉनचा उरलेला टाका. तो साधारण २० ते ३० मायक्रॉन जाडीचा, केसाच्या निम्म्याहूनही बारीक. टोकात धरून ओढायचा. चांगला चिमटा त्याला सोडत नाही आणि कापतही नाही. स्टीलच्या सेटमधला एक सोडत होता, एक कापत होता, दोन्ही बाजूला काढले. मग कडांवरून कापसाचा एकच तंतू फिरवायचा. जिथे अडकला तिथे बर आहे, म्हणजे नीट न घासलेला धातूचा कंगोरा. तो आत तुटून पडला तर मॅडमनी कितीही सुंदर ऑपरेशन करो, त्या डोळ्याला सुख नाही.

पुढचं आता सुरू होतंय. आमचं रुग्णालय समुद्रापासून चालत १० मिनिटांवर. खिडक्यांचे गज किती वेळा बदलले ते मोजणं सोडून दिलंय. हत्यारांबरोबर आलेल्या कागदावर बरंच लिहिलंय, पण कुठल्या हवेत तपासलीत ते नाही. म्हणून ठरवलंय की दोन्ही सेट पावसाळाभर आमच्याच पाण्यात धुवायचे, आमच्याच ऑटोक्लेव्हला लावायचे, रोजच्या ट्रेसारखे, पण पेशंटला न लावता. मधल्या काळात मॅडम बोकडाच्या डोळ्यांवर तो चॉपर चालवून बघतील.

कोणी असं केलंय का? माझ्याकडून काय सुटतंय?

लेथमास्तर
५ मे, सकाळी ६.१५

ताई, डोळ्यातलं मला कळत नाही, धातूतलं थोडं कळतं. लोट्याच्या एमआयडीसीत २८ वर्षं ग्राइंडिंगवर होतो.

स्टेनलेस म्हणजे गंजतच नाही असं लोक धरून चालतात. त्यातलं क्रोमियम हवेशी मिळून वर अतिशय पातळ थर धरतं. तो शाबूत तोवर आतलं लोखंड सुरक्षित. मिठातला क्लोराइड नेमका त्या थरालाच टोचतो. वरून सुईच्या अग्राएवढा ठिपका दिसतो आणि आत पोखरलेलं असतं. ३१६ जातीचं स्टील मॉलिब्डेनममुळे मिठाला जास्त दाद देत नाही, पण ते तापवून, पाणी पाजून कडक होत नाही, म्हणून धार धरत नाही. धारेच्या हत्याराला ४२० सारखं स्टील लागतं. त्यात क्रोमियम १२ ते १४ टक्के, कार्बन जास्त. ते कडक होतं, धार धरतं, आणि गंजही त्यालाच आधी धरतो. तेव्हा कात्र्या आणि धारेच्या टोकांवर जास्त लक्ष ठेवा.

दुसरी गोष्ट कारखान्यातली. साध्या लोखंडावर चालवलेला दगड किंवा ब्रश स्टेनलेसवर वापरला की लोखंडाचे कण वर रुततात. चांगला कारखाना शेवटी नायट्रिक किंवा सायट्रिक ॲसिडच्या बाथमध्ये ते काढून टाकतो. पॅसिव्हेशन म्हणतात. ते केलंय की नाही बघायचं तर तुम्ही बाजूला काढलेला चिमटा घ्या आणि मोरचुदाच्या द्रावणात काही मिनिटं ठेवा. मोकळं लोखंड असेल तिथे तांबं चढतं, लालसर डाग उमटतो. तो चिमटा मग पेशंटकडे कधीच जाऊ द्यायचा नाही, नमुना म्हणून ठेवायचा.

२२ जुलै २०२१ च्या पुरात चिपळुणात माझी मोजमापाची पेटी पाण्याखाली गेली होती. चिखलातून काढून उघडली तेव्हा स्टेनलेसच्या पट्ट्यांवर टाचणीनं टोचल्यासारखे खड्डे. ३० वर्षांची हत्यारं होती. त्यामुळे तुमची तळमळ मला समजते.

पाणी कुठलं वापरता?

पांढरासमुद्र
५ मे, दुपारी २.०५

मास्तर, मनापासून आभार. पहिली धुणी विहिरीच्या पाण्यात, शेवटची डिस्टिल्डमध्ये. ऑटोक्लेव्हलाही डिस्टिल्डच. तरी जुन्या सेटवर तपकिरी डाग येतात. आमची विहीर जांभ्यातली.

लेथमास्तर
५ मे, दुपारी ४.३०

पाण्यातल्या लोखंडाचा तो रंग असू शकतो. पेन्सिलचा खोडरबर घेऊन घासा. डाग गेला आणि खाली धातू गुळगुळीत असला तर नुसता डाग. खाली खड्डा दिसला तर गंज, ते हत्यार बाद. आणि शक्यतो विहिरीचं पाणी पहिल्या धुणीलाही बंदच करा.

तळकोकण_नेत्र
७ मे, रात्री ११.२०

सिस्टर, मी सिंधुदुर्गात डोळ्यांचा डॉक्टर आहे. कापसाच्या तंतूची तपासणी उद्यापासून आमच्या ओटीत सुरू होईल, हे आधी सांगतो. दोन बाबतींत मात्र माझं मत वेगळं आहे.

पहिली, बोकडाचा डोळा. मी त्यावरच हात बसवला, माझ्या पिढीतल्या बहुतेकांनी बसवला. पण ते जनावर लहान वयाचं असतं, त्याचं भिंग मऊ. आपल्याकडे येणारा पेशंट ७० वर्षांचा नाखवा, आयुष्य पाण्यावरच्या उन्हात गेलेलं. त्याचा गाभा तपकिरी, रोठा सुपारीसारखा. मऊ भिंगात कुठलाही चॉपर लोण्यातून गेल्यासारखा जातो आणि आपल्याला वाटतं हत्यार उत्तम आहे. भिंग कडक व्हावं म्हणून काही जण डोळा काही सेकंद मायक्रोवेव्हमध्ये ठेवतात, काही फॉर्मॅलिन टोचतात. तसं करून बघा. तरीही हाताला लागणारा जोर माणसाच्या डोळ्यासारखा नसतो. भिंगाची मागची पिशवी मध्यभागी सुमारे ४ मायक्रॉन जाड, म्हणजे तुमच्या त्या टाक्याच्याही पाचव्या-सहाव्या हिश्शाची. चॉपरचं टोक तिच्यापासून हाकेच्या अंतरावर फिरत असतं आणि शेजारी फेकोची सुई सेकंदाला सुमारे ४०,००० वेळा थरथरत असते. नवं वळण हाताला परकं असेल तर चूक व्हायला निमिष पुरतं.

दुसरी बाब, थांबण्याची. टायटॅनियमच्या वेगळ्या चॉपरसाठी पावसाळाभर थांबा, बरोबर आहे. पण नेहमीच्या घडणीचा स्टीलचा सेट? तो तपासून, धुऊन, ऑटोक्लेव्हच्या काही फेऱ्या करून वापरात घ्यायला हरकत नसावी. जुना झिजलेला चिमटा वापरत राहण्यातही पेशंटचं नुकसान असतं. पिकलेला मोतीबिंदू घेऊन लोक तुमच्या दारात बसलेत, आणि त्यातले कित्येक पेरणीआधी दिसायला लागावं म्हणून आलेत.

आणि शेवटी कुणाच्या तरी डोळ्यावर पहिल्यांदा वापरावंच लागतं. हॅरॉल्ड रिडले यांनी २९ नोव्हेंबर १९४९ ला लंडनमध्ये पहिलं कृत्रिम भिंग बसवलं, तेव्हा त्या बाईंना नंतर फार मोठा उणे नंबर लागला होता. पण त्याच वाटेनं आजचं भिंग आलं. चार्ल्स केलमन यांनी १९६७ मध्ये फेको आणलं, दंतवैद्याच्या दात साफ करायच्या यंत्रावरून सुचलेलं. सुरुवातीच्या शस्त्रक्रिया तासन्‌तास चालायच्या.

हर्णै_बंदर
८ मे, सकाळी ७.५०

आजवर मी इथे फक्त वाचत होतो. काल रात्री डॉक्टरांचा प्रतिसाद वाचला आणि झोप लागली नाही.

"कुणाच्या तरी डोळ्यावर पहिल्यांदा वापरावंच लागतं." तो कुणीतरी म्हणजे कोण? शिबिरात येतात ती माणसं ना? माझी आई ७१ वर्षांची आहे. ४० वर्षं हर्णैच्या लिलावात मासळी घेऊन पाजपंढरी, आंजर्ले, मुरूडला डोक्यावरून विकली. तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे, उजवा पूर्ण पिकलाय. ती डॉक्टरला कधी प्रश्न विचारत नाही. अंगठा देते आणि झोपते. तिच्यावर कोणी नवं हत्यार वापरून बघितलं तर ते आम्हाला कळणार कसं? विचारायचं तरी कुणाला?

सिस्टर, तुमच्याबद्दल आदर आहे. पण तुमच्यासारख्या सिस्टर प्रत्येक ठिकाणी नसतात.

तळकोकण_नेत्र
८ मे, दुपारी १.३०

हर्णैचे दादा, तुमचा राग योग्य आहे. मी जे लिहिलं ते अर्धवट लिहिलं. रिडले आणि केलमन यांची उदाहरणं देताना त्या पेशंटला काय सांगितलं गेलं होतं हा प्रश्न मी विचारातच घेतला नाही, आणि तोच पहिला असायला हवा होता. नेहमीच्या घडणीचं नवं हत्यार आणि नव्या घडणीचं हत्यार यांत मी फरक केला, तो मला आजही बरोबर वाटतो. पण नव्या घडणीचं असेल तर पेशंटला आधी सांगायचं, त्याच्या भाषेत, आणि तो नको म्हणाला तर जुनं हत्यार तयार असायचं. यात दुमत नाही.

औषधनिर्माण
८ मे, रात्री १०.१०

मी फार्मसी कॉलेजात शिकवते. कायद्याचं थोडक्यात लिहिते, कारण हर्णैच्या दादांचा प्रश्न हवेत राहायला नको.

आपल्याकडे वैद्यकीय उपकरण नियम २०१७ चे आहेत, १ जानेवारी २०१८ पासून लागू. १ एप्रिल २०२० पासून सगळीच वैद्यकीय उपकरणं कायद्यानं औषधाच्या व्याख्येत आली. धोक्यानुसार ए, बी, सी, डी असे वर्ग. हातात धरून वापरायची बहुतेक हत्यारं खालच्या दोन वर्गांत येतात आणि त्या दोन वर्गांचा उत्पादन परवाना राज्य देतं. सी आणि डीचा केंद्र देतं. ज्याच्यासारखं काहीच आधी बाजारात नाही अशा उपकरणाची माणसांवर चाचणी करायची तर केंद्राची परवानगी, नोंदणीकृत नीतिमत्ता समिती आणि पेशंटची समजून उमजून दिलेली संमती, तिन्ही लागतात. पेशंटला वाचता येत नसेल तर संमती घेताना रुग्णालयाशी संबंध नसलेला साक्षीदार हजर हवा. नुसता अंगठा पुरत नाही.

वेगळ्या वळणाचा चॉपर या व्याख्येत बसेल की नाही हा कागदाचा प्रश्न. पण "वापरून बघा, आवडलं तर ठेवा" असं म्हणणाऱ्याकडे उत्पादकाचा परवाना किंवा नोंदणी क्रमांक, लॉट नंबर आणि धातूचा दाखला मागायचा अधिकार तुम्हाला आहे. मागा. हत्यारामुळे काही बिघडलं तर कळवण्यासाठी २०१५ पासून मटेरिओव्हिजिलन्स नावाचा राष्ट्रीय कार्यक्रम आहे, गाझियाबादच्या भारतीय औषधसंहिता आयोगाकडे. तिथे सिस्टरही कळवू शकतात, डॉक्टरच लागतो असं नाही.

आता माझ्या विषयातलं. पांढरासमुद्र ताई, तुमच्या त्या चौघांच्या बाबतीत पॉलिश सापडलं. टासचं आणखी एक कारण दिसतच नाही. हत्यारं साफ करायच्या अल्ट्रासॉनिक टबमधलं पाणी दिवसभर तेच राहिलं की त्यात जंतू वाढतात. ऑटोक्लेव्हमध्ये १२१ अंशांना जंतू मरतात, पण काही जंतूंच्या भिंतीतलं विष, एंडोटॉक्सिन, त्या वाफेला दाद देत नाही. ते कॅन्युलाच्या आत चिकटून राहतं. म्हणजे ट्रे पूर्ण निर्जंतुक, इंडिकेटर पट्टीचा रंगही बदललेला, आणि तरी डोळा सुजतो. टबमधलं पाणी रोज बदला, शक्य तर दर फेरीला. धुण्याचं एन्झाइम द्रावण नळीत राहिलं तरी तोच त्रास. आणि टायटॅनियम व स्टील एका टबात एकत्र घालू नका.

श्रीवर्धन_सिस्टर
११ मे, दुपारी ३.१५

वाचतेय आणि वाचनखूण साठवली. एकच भर. पावसाळ्यात सगळं लक्ष हत्यारावर असतं, कापडाच्या पॅककडे बघायचं राहून जातं. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आमच्या डोक्यावरूनच गेलं. नंतर कित्येक दिवस लाइट नव्हती, जनरेटरवर ऑटोक्लेव्ह चालवायचो. वाळवण्याची फेरी मध्येच तुटायची आणि पॅक ओलसर निघायचे. ओला पॅक म्हणजे निर्जंतुक नाही, ओलाव्यातून जंतू आत शिरतात. शिवाय ओल्या कापडात गुंडाळलेलं हत्यार आठवडाभरात गंज धरतं. ताई, मुद्दाम एक पॅक ओलसर ठेवून बघा. लाइट जाणारच आहे, तेव्हा काय होतं ते आधीच कळलेलं बरं.

देवबागकर
१२ मे, सायंकाळी ७.००

माझा ऑपरेशन दोन वर्सांपूर्वी झाला. तेव्हा माका कोणी सांगूक नाय हत्यार नवा की जुना, आणि माका इचारूचा सुचलाय नाय. डॉक्टर देवमाणूस, डोळो बरो झालो, आता पेपर वाचतंय. पण ह्यो धागो वाचून वाटता, इचारल्यानी असता तर बरा वाटला असता. आमी होयच म्हटला असता. पण इचारूक होया.

पांढरासमुद्र
१९ जुलै, रात्री ९.००

धागा वर काढतेय. अडीच महिने झाले.

स्टीलच्या सेटबद्दल आधी. तळकोकणातल्या डॉक्टरांचं म्हणणं मॅडमना पटलं होतं आणि जूनमध्येच तो वापरात घ्यावा असं त्यांच्या मनात होतं. मी जुलैपर्यंत थांबायला सांगितलं, त्या थांबल्या. मास्तरांनी सांगितलेली मोरचुदाची परीक्षा केली. बाजूला काढलेल्या दोन चिमट्यांपैकी एकावर टोकाजवळ लालसर ठिपके उमटले. मग सेटमधल्या बाकी हत्यारांना अर्धा तास डिस्टिल्ड वॉटरमध्ये उकळवून रात्रभर त्याच पाण्यात ठेवलं. सकाळी नीडल होल्डरच्या सांध्यात आणि एका कात्रीच्या खिळ्याभोवती तपकिरी. खोडरबरनं घासलं, कात्रीचं गेलं, होल्डरच्या सांध्यात खड्डा निघाला. बाकी हत्यारं स्वच्छ. उघडी टोकं सगळी ठीक होती, गंज धरला तो जिथे दोन भाग एकमेकांवर घासतात आणि पाणी अडकतं तिथे. आता सांधा उघडा ठेवूनच धुते, उघडा ठेवूनच पॅक करते, आणि वाळवताना सिरिंजनं सांध्यात हवा मारते. त्या खराब तुकड्यांच्या बदल्यात नवे मागवलेत. ज्याच्याकडून आले त्यानं एकदा हो-नाही केलं, पण लॉट नंबर आणि फोटो समोर ठेवल्यावर घेतले परत.

श्रीवर्धनच्या ताईंनी सांगितल्याप्रमाणे एक पॅक मुद्दाम ओलसर ठेवला. नवव्या दिवशी उघडला. कात्रीच्या धारेवर गंजाची बारीक रेघ. टायटॅनियमवर काही नाही. विहिरीचं पाणी पूर्ण बंद केलं. टबचं पाणी दर फेरीला बदलतो, खर्च वाढला, पण विश्वस्तांना करडा ठिपका पडलेल्या त्या कपड्याची गोष्ट सांगितली आणि त्यांनी मान्य केलं.

आता चॉपर. एकाच लॉटचे दोन मिळाले होते. एक फक्त बोकडाच्या डोळ्यांसाठी, तो ओटीत येतच नाही, काम मागच्या खोलीत चालतं. रविवारी सकाळी मटणाच्या दुकानातून डोळे आणायचे, दुपारपर्यंत बुबुळ धुरकट होतं म्हणून लगेच बसायचं. मॅडमनी पहिल्या रविवारी मऊ भिंगावर केलं आणि म्हणाल्या, फार छान चालतो. मग मायक्रोवेव्हची युक्ती केली. सेकंद किती ठेवायचे ते जमेपर्यंत दोन डोळे वाया गेले. कडक भिंगावर दुसऱ्याच प्रयत्नात मागची पिशवी फाटली. त्यांना वाटलं हात चुकला. पुढच्या रविवारी पुन्हा फाटली, तेही तुकडा सुटा होऊन उचलताना, जोर नसताना.

मी तो चॉपर मायक्रोस्कोपखाली सगळ्यात मोठं करून फिरवत बसले. आतली बाजू धारदार, ती हवीच, तिनंच गाभा फुटतो. पण टोकाचा शेवट गोल बोथट हवा, म्हणजे पिशवीला टेकला तरी लागू नये. इथे शेवटाच्या मागच्या अंगाला एक कोपरा राहिला होता. कापसाचा तंतू मी सगळीकडून फिरवला होता, पण मागून पुढे फिरवला नव्हता. फिरवला, आणि अडकला. दुसऱ्या चॉपरलाही तसाच कोपरा. म्हणजे एका तुकड्याची चूक नाही, घडणच तशी होतेय.

लेथमास्तर
२० जुलै, सकाळी ६.४०

ताई, डोळे भरून आले वाचून. टायटॅनियम घासायला अवघड, दगडाला चिकटतं, तापतं. शेवटचं गोल करायचं काम हातानं, भिंगाखाली बसून करावं लागतं. तिथे कोणीतरी मिनिट वाचवलंय. परत पाठवताना कोपऱ्याचा मोठा केलेला फोटो पाठवा, नुसतं "खराब" लिहू नका. बनवणाऱ्याला कुठे हात फिरवायचा ते दिसलं पाहिजे.

तळकोकण_नेत्र
२० जुलै, रात्री १०.४५

सिस्टर, ही माहिती माझ्या सहकाऱ्यांना सांगतोय, तुमच्या परवानगीनं. माझ्याकडेही अशाच वळणाचा एक नमुना महिन्यापूर्वी आला होता. मी तो वापरला नव्हता. आज मायक्रोस्कोपखाली घेतला. बोथट आहे, कोपरा नाही. पण आज बघितला, हे कबूल करतो. बघायला मला तुमचा धागा लागला.

हर्णै_बंदर
२१ जुलै, सकाळी ८.१०

सिस्टर, व्यक्तिगत निरोप केलाय. आईला तुमच्याकडे आणायचं आहे. पावसाळ्यातली मासेमारीची बंदी उठल्यावर होड्या जातात तेव्हा घाई असते, त्याआधी जमेल का?

पांढरासमुद्र
२ ऑक्टोबर, दुपारी ४.२०

पाऊस ओसरला. दोन्ही सेटचा हिशेब देते.

स्टीलचा सेट बदललेल्या तुकड्यांसकट जुलैअखेर वापरात घेतला. ऑपरेशननंतर दुसऱ्या दिवशीची तपासणी, आठवड्याची, महिन्याची, सगळ्या नोंदी मॅडम बघतात. प्रत्येक पेशंटच्या कार्डावर आता सेट नंबर लिहितो, रजिस्टरमध्येही. आधी लिहीत नव्हतो. त्या जुन्या ठिकाणी लिहिलं असतं तर कुठल्या कॅन्युला कुणाला लागल्या ते त्याच दिवशी कळलं असतं.

टायटॅनियमचे चिमटे पावसाळाभर एक डाग न पडता राहिले. वजन स्टीलच्या निम्म्याहून थोडं जास्त, मॅडमचा हात दिवसाच्या शेवटी कमी दुखतो म्हणतात. पण टोकं नाजूक, माझ्या हातून एक ट्रेच्या कडेला लागला आणि वाकला. आता त्यांना टोकावर सिलिकॉनची नळी घालून ठेवते.

चॉपर फोटोसकट परत गेला होता. सप्टेंबरमध्ये नवे आले. कोपरा गेलाय. मागून पुढे, पुढून मागे, सगळीकडून तंतू फिरवला. चार रविवार कडक केलेल्या बोकडाच्या डोळ्यांवर झाले, पिशवी शाबूत. मी मॅडमना हो म्हटलं. त्यांनी एक कागद केलाय, साध्या मराठीत, मोठ्या अक्षरात: हे हत्यार आमच्याकडे नवं आहे, कशावर तपासलंय, नको असेल तर जुन्यानं करू, त्यासाठी वेगळे पैसे नाहीत, रांगेतला नंबर मागे जाणार नाही. वाचता येत नसेल त्यांना गावातला बरोबर आलेला कुणी वाचून दाखवतो, आम्ही नाही. पहिल्या आठवड्यात विचारलेल्यांपैकी काहींनी हो म्हटलं, काहींनी नाही.

हर्णै_बंदर
३ ऑक्टोबर, रात्री ८.३०

बाकीचं मी लिहितो. आईला गेल्या आठवड्यात नेलं. सिस्टरनी तिला तो कागद माझ्या मावसभावाकडून वाचून दाखवला. आईनं विचारलं, हत्यार बघायला मिळेल का. सिस्टरनी बोकडाचा तो चॉपर आणला, तिच्या नखावर टेकवला, मग जुना टेकवला. आईनं दोन्ही बोटांनी चाचपले. आयुष्यभर तिनं सुरमई चिरलीय, धार तिला कळते. म्हणाली, "हा नवा चांगला आहे. पण डॉक्टरीणबाईंच्या हाताला जुना ओळखीचा असेल, त्यानंच करा."

त्यांनी जुन्यानंच केलं. कुणी तोंड वाकडं केलं नाही, कुणी समजावत बसलं नाही. दुसऱ्या दिवशी पट्टी सोडली. परवा सकाळी ती बंदरावर येऊन उभी राहिली आणि सुवर्णदुर्गाच्या बाजूनं येणाऱ्या होड्या झेंड्यांच्या रंगावरून ओळखत होती. मी शेजारी उभा होतो. दोन चुकल्या, बाकी सगळ्या बरोबर.

पांढरासमुद्र
३ ऑक्टोबर, रात्री ९.१५

दादा, आईंना नमस्कार सांगा. त्यांच्या कार्डावर सेट नंबर २, जुना चॉपर असं लिहिलंय. कार्ड जपून ठेवा, डाव्या डोळ्याच्या वेळी लागेल. थेंब महिनाभर चुकवू नका आणि मासळी धुतलेला हात डोळ्याला लागू देऊ नका.